एक्याऐंशी पानं

दप्तरबाई नगरपालिकेत लागल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. वडील ऑफिसातच, फायलींचा गठ्ठा उचलताना गेले. आई अंथरुणाला खिळलेली आणि धाकटा भाऊ सहावीत. वडिलांच्या जागी मुलीला घेतलं ही केवढी मेहेरबानी, असं तेव्हाच्या साहेबांनी चार माणसांसमोर ऐकवलं आणि तळघरातल्या दप्तरखान्याची किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिथे छतापर्यंत लोखंडी घोडे, घोड्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, आणि खाली ओल. खिडकी एकच, तीही छताला टेकलेली आणि रस्त्याच्या पातळीवर उघडणारी. त्यामुळे पुढची सदतीस वर्षं बाईंना गावातली माणसं दिसली ती गुडघ्यांपर्यंत.

काम शिकवलं एका म्हाताऱ्या कारकुनानं. तो म्हणायचा, "पोरी, असल पुढ्यात ठेव, बोट ओळीवर ठेव आणि डोकं बाहेर खुंटीला टांगून ये. डोकं चाललं की नक्कल बिघडते."

बाईंनी ते मनावर घेतलं, जरा जास्तच घेतलं. कुठला कागद कायम ठेवायचा, कुठला तीस वर्षं, कुठला दहा आणि कुठला वर्षाच्या आत फुंकून टाकायचा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. आणि नक्कल म्हणजे असल बरहुकूम. असलमध्ये चूक असेल तर नकलेतही चूक. एकदा एक बाई वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला आली. म्हातारा सत्तर वर्षांचा होऊन गेला होता, पण नोंदवहीत कुणीतरी शून्य खाल्लं होतं. दप्तरबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, वय सात. ती बाई म्हणाली, "अहो, सात वर्षांच्या माणसाला माझ्यासारखी मुलगी असते का?" बाई म्हणाल्या, "ते तुम्ही वरच्या मजल्यावर विचारा. दुरुस्ती वर होते, इथे फक्त नक्कल होते." ती आठ महिने जिना चढत-उतरत राहिली. ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांची झोपही उडाली नाही.

घरचं म्हणाल तर भावाचं शिक्षण होईपर्यंत बाईंना दोन स्थळं आली आणि परत गेली. तिसरं आलं तेव्हा भाऊ कमवायला लागला होता. तो म्हणाला, "ताई, आता या वयात?" आणि हसला. मग त्याचंच लग्न झालं. बाईंच्या पगारावर उभ्या राहिलेल्या घरात बाईंना स्वयंपाकघरामागची खोली मिळाली, जिथे आधी कोळसे ठेवत. भाचा झाला तो बाईंच्या मांडीवर वाढला. त्याला पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला लावलं. पुढे तो कॉलेजात दोनदा नापास झाला, तीन नोकऱ्या धरून सोडल्या, आणि शेवटी एका स्कॅनिंगच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून चिकटला. त्याच कंपनीला नगरपालिकेचं सगळं जुनं दप्तर स्कॅन करायचं कंत्राट मिळालं. घरात आनंदीआनंद. भावजय म्हणाली, "वन्सं, आता तुम्ही आणि तो एकाच छताखाली!"

नव्या नियमांचं पुस्तक आलं तेव्हा बाईंनी ते एका बैठकीत वाचून काढलं. मुद्दे चारच होते. ज्याच्या ताब्यात दप्तर, त्यानं स्वतः प्रत्येक पान असलशी ताडून पाहायचं. नकलेतून एकही पान गळालेलं नको, एकही ओळ अंधूक नको. वही पूर्ण झाली की ताडणाऱ्यानं सही-शिक्क्यानिशी तसं लिहून द्यायचं. आणि तसं लिहून दिलं की असल वही दोन साक्षीदारांसमोर नष्ट करायची. साहेबांचा जीव अडकला होता तो या शेवटच्या कलमात. त्यांना तळघर रिकामं हवं होतं, गाड्या लावायला.

चार महिने काम सुरळीत चाललं. भाच्याची माणसं पानं उलटत, यंत्राचा प्रकाश सरकत जाई, आणि संध्याकाळी बाई पडद्यावरचं पान आणि वहीतलं पान शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत बसत. मग कालव्यापलीकडच्या वस्तीची दुसरी घरनोंदवही आली. अनेक वर्षांपूर्वी गटार तुंबून तळघरात पाणी शिरलं होतं, त्यात ही वही खालच्या फळीवर होती. वर्षानुवर्षं वाळून तिची पानं एकमेकांना अशी चिकटली होती की मधला भाग विटेसारखा झाला होता. वही दोनशे चाळीस पानांची. पडद्यावर चित्रंही दोनशे चाळीस. बाईंनी ताडायला घेतलं आणि पान बारा तीन वेळा भेटलं. मग पान सदतीस, चार वेळा. रात्रीपर्यंत हिशेब लागला. खरी पानं एकशे एकोणसाठ. एक्याऐंशी पानं गायब.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला खाली बोलावलं.

"हे काय रे?"

"अगं आत्या, ती पानं उघडतच नाहीत. ओढली की फाटतात. पोरांनी सोडून दिली."

"आणि पान बारा तीनदा?"

भाचा हसला. "आकडा जुळायला नको का?"

"एका पानावर दहा घरं असतात. आठशेदहा घरं नाहीत यात."

"घरं कसली? पत्र्याची खोपटं. त्यांना कोण विचारायला येतंय? तू डोळे झाक आणि सही कर. या वहीवर माझी नोकरी पक्की व्हायची अडली आहे."

"पानं उघडून आण. मग करते."

भाचा तिथून सरळ वर साहेबांकडे गेला आणि तिथून घरी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण त्या घरात दांडा कोण आणि गोत कोण, यावर दोन्ही बाजूंचं एकमत कधीच झालं नाही.

साहेबांनी बाईंना बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. "दोन वर्षं राहिली ना तुमची? माणसानं सगळ्यांच्या शुभेच्छा घेऊन निवृत्त व्हावं, बाई." बाई म्हणाल्या, "पानं अपुरी आहेत, साहेब." साहेबांनी बाईंचा चहा तसाच परत पाठवला. आठवड्याच्या आत बाईंचं टेबल दप्तरखान्यातून उचलून जिन्याखाली, मुतारीच्या दाराशेजारी आलं. कारण लिहिलं होतं, यंत्रांना जागा अपुरी. येणारा-जाणारा पाण्याचा हात त्यांच्या टेबलावर झटकून जाई. पूर्वी बरोबर डबा खाणाऱ्या दोघीजणी आता वरच्या मजल्यावर खात.

घरी तर बोलणंच खुंटलं. बाईंचं ताट झाकून त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलेलं असे, गार. भावजय भिंतीशी बोलावं तशी बोले. "काहींच्या सहीला सोनं लागलेलं असतं बाई. रक्ताचं माणूस बुडालं तरी चालेल, शाई वाया जायला नको." भाऊ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसे. त्याला पान उलटायचंही भान नसे.

किल्ली मात्र अजून बाईंकडे होती. भाच्याची माणसं दहाला येत. बाई साडेसातला येऊ लागल्या. ओला टीपकागद, पातळ पोलादी पट्टी आणि वाफेसाठी चहाची किटली, एवढ्या सामानावर त्यांनी ती वीट सोडवायला घेतली. कोपऱ्याला वाफ द्यायची, टीपकागद दाबायचा, थांबायचं, पट्टी केसभर सरकवायची, पुन्हा थांबायचं. घाई केली की शाई समोरच्या पानाला चिकटून निघून जाई. पान सुटलं तरी त्याचं आयुष्य थोडंच असे. वाळलं की त्याचे पापुद्रे होऊन बोटाला लागत. म्हणून सुटलेलं पान लगेच हातानं उतरवून घ्यायचं आणि खाली लिहायचं, असल बरहुकूम नक्कल, तारीख, सही, शिक्का. नियमात हातानं केलेली नक्कलही चालत होती, ताब्यातल्या माणसानं असल समोर ठेवून केलेली असली म्हणजे झालं. एका पानाला दोन ते तीन दिवस लागत. दोन महिन्यांत तेवीस पानं झाली. नकला बाई घरी नेऊन ट्रंकेत ठेवत, कारण ऑफिसातल्या कपाटावर त्यांचा आता विश्वास नव्हता. घरच्या ट्रंकेवर होता, यावरून काय ते समजा.

चोविसावं पान अर्धं सुटलं होतं, त्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. "ताई, आज लवकर ये. सगळे एकत्र बसून जेवू."

सदतीस वर्षांत बाई वेळेआधी कधी उठल्या नव्हत्या. त्या दिवशी उठल्या. पान टीपकागदाखाली तसंच राहिलं.

जेवायला त्यांना भावाशेजारी बसवलं. भावजयीनं स्वतः वाढलं, दोनदा आग्रह केला. भाऊ म्हणाला, "ताई, तू मला वाढवलंस. मी कधी काही मागितलं का? आज मागतो. पोराला कंपनी काढून टाकते आहे." भाच्यानं उठून बापाच्या डोक्यावर हात ठेवला. "बाबांची शपथ, आत्या. वही मी तज्ज्ञाकडे नेतो, एक्याऐंशी पानं सोडवून स्कॅन करतो, त्यानंतरच ती नष्ट करायला जाईल. तुझी सही फक्त तारखेसाठी हवी आहे. तारीख उलटली की कंत्राट गेलं."

दोन महिने उंबऱ्यावर जेवलेल्या माणसाला ऊन ताटाची किंमत कळते. बाईंनी ताट बाजूला सारलं. कागदावर लिहिलेलं होतं, 'सदर नोंदवहीतील सर्व पाने पूर्ण, सुवाच्य व असल बरहुकूम असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' त्यांनी सही केली. शिक्का भाच्यानं बरोबरच आणला होता. सही होताच भावजयीनं आधी कागद उचलला, मग ताट.

सकाळी त्या ऑफिसात पोचल्या तेव्हा दप्तरखान्याला दुसरं कुलूप होतं.

आठव्या दिवशी नष्ट करायचं काम निघालं. ऑफिसमागच्या अंगणात यंत्र लावलेलं, कागदाच्या पट्ट्या करणारं, आणि दोन साक्षीदार, भांडारातला कारकून आणि दप्तरबाई. वह्या एकामागून एक तोंडात जात होत्या. तिसऱ्या तासाला ती वही आली. बाईंनी पाठ पाहूनच ओळखली.

"थांबा. ही नाही. ही तज्ज्ञाकडे जायची आहे."

यंत्रवाल्यानं यादीवर बोट ठेवलं. "यादीत आहे बाई. सर्व पाने पूर्ण. ही सही कुणाची?"

बाईंनी भाच्याकडे पाहिलं. तो पाच हातांवर फोनवर बोलत होता. त्याची नजर एकदा त्यांच्याकडे आली आणि मग त्यानं पाठ केली. बाईंनी वही धरली. यंत्रवाला म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काही काढून घेतात तसं त्यांचं एकेक बोट सोडवत म्हणाला, "सोडा हो. बोटं जातील उगाच." चिकटलेला गठ्ठा यंत्रात अडकला. मग त्यानं तो बाहेर काढून करवतीनं चार तुकडे केले आणि एकेक आत ढकलला. भांडारातल्या कारकुनाला हसू आलं. "पक्कं दप्तर होतं हो बाई तुमचं!" संध्याकाळी साक्षीदार म्हणून बाईंनी सही केली. ही तरी खरी होती.

सहा महिन्यांनी कालव्यालगतचा रस्ता रुंद करायची नोटीस लागली. वस्ती उठणार होती. ज्याचं घर जुन्या नोंदवहीत, त्याला नव्या इमारतीत खोली. ज्याचं नाही, त्याला तीन दिवसांत चालता हो. नगरपालिकेत दाखल्याच्या खिडकीवर रांग लागली. आणि खिडकीवर साहेबांनी बसवलं कुणाला, तर दप्तरबाईंना. "तुमच्याइतकं शुद्ध कोण लिहितं?" शोध संगणक करी. सापडलं नाही की बाईंनी हातानं लिहून द्यायचं, 'शोध घेतला असता नोंद आढळून आली नाही.' पहिल्या दिवशी त्रेचाळीस वेळा लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकोणसत्तर.

तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाली आली. बाईंच्याच गल्लीच्या तोंडाशी तिची गाडी असे. भावाचे शर्ट, साहेबांच्या पँटी, सगळं तिच्याच इस्त्रीखालून जाई. नवरा गेलेला, पदरी दोन मुली. ती खिडकीत वाकून म्हणाली, "बाई, तुम्हीच हो. बरं झालं. ह्यांनी स्वतः येऊन नाव लावलं होतं. तुम्ही वहीत बोट ठेवून दाखवलं होतंत मला फार पूर्वी एकदा."

बाईंना ते पान पाठ होतं. सोडवलेल्यांतलं एकोणिसावं, ओळ चौथी. एक खोली, पत्र्याचं छप्पर, दार कालव्याकडे, राहणार चौघे. त्यांनी स्वतःच्या हातानं ते उतरवलं होतं आणि ते घरी ट्रंकेत होतं. त्यांनी लिहिलं, नोंद आढळून आली नाही.

"काय लिहिलंत?" इस्त्रीवालीला वाचता येत नव्हतं.

"नाही म्हणून लिहिलंय."

"पुन्हा बघा की."

"पाहिलं."

"तुम्ही संगणकात पाहिलंत. वहीत बघा."

मागचा माणूस ढकलायला लागला. इस्त्रीवाली बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या घरी आली आणि भावाचे बारा शर्ट, कडक इस्त्री केलेले, दारात ठेवून म्हणाली, "या वेळचं राहू द्या. फक्त वन्संना सांगा, एकदा वहीत बघायला." भावजयीनं शर्ट आत घेतले. दार लावून म्हणाली, "चला, वस्ती उठेपर्यंत तरी फुकट." भाच्यानं त्यातला एक घातला आणि आरशात पाहून कॉलर ताठ केली.

बाईंनी खोलीत जाऊन ट्रंक उघडली. नकला द्यायच्या तर आधी हे सांगावं लागणार होतं की पानं अपुरी होती आणि आपली सही खोटी होती. नोकरी जाणार, पेन्शन जाणार, भाचाही अडकणार. इकडे आड तिकडे विहीर. त्या पहाटेपर्यंत बसून राहिल्या, मग अर्ज लिहिला, दोन परिच्छेदांचा, एकही खाडाखोड नसलेला, आणि तेवीस पानं जोडून थेट जिल्ह्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे दिला.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुपारी वस्ती जिन्याखाली उभी राहिली. सगळे एकच विचारत होते, "माझं आहे का?" बाईंनी तेवीस पानांवरची दोनशेतीस नावं तोंडपाठ म्हणून दाखवली. ज्यांचं आलं त्यांनी आकांत मांडला तो आनंदाचा. नावं संपली तेव्हा जिन्याखालची अर्ध्याहून जास्त माणसं नुसती उभी होती. एक म्हातारा म्हणाला, "पुढचं म्हणा." बाई म्हणाल्या, "पुढचं नाही." कुणीतरी शाईची दौत त्यांच्या अंगावर फेकली. इस्त्रीवाली मात्र पुढे झाली, आपल्या पदरानं त्यांचा चेहरा पुसला आणि म्हणाली, "राहू द्या हो बाई. माझ्या पोरींचं छप्पर वाचवलंत तुम्ही."

चौकशी एकाच दुपारी आटोपली. अधिकारी तरुण होता, नम्र होता, आणि त्याच्यासमोर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"हे प्रमाणपत्र तुमच्या सहीचं?"

"हो."

"यात लिहिलंय सर्व पाने पूर्ण. ते खरं असेल तर ही दोनशेतीस घरं वहीत नव्हतीच. मग या तुमच्या नकला बनावट ठरतात."

"ते खोटं आहे. म्हणून तर अर्ज दिला."

"म्हणजे दप्तर ताब्यात असताना तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहून देता."

"एकदा दिलं."

"मग या तेवीस पानांवरची सही खरी, हे मी कशावरून मानू? ही खोटी, ती खरी, असं सांगणाऱ्या तुम्हीच. असल असती तर ताडून पाहिलं असतं. असल कुठे आहे?"

"नष्ट झाली."

"कुणासमोर?"

अधिकाऱ्यानं साक्षीदाराचा कागद वर काढून त्यांची सही त्यांनाच दाखवली. मग भाच्याचा जबाब वाचून दाखवला. 'ताडणीची जबाबदारी सर्वस्वी त्यांची होती. आम्हाला काही कल्पना नाही.' आणि शेवटी आणखी एक कागद, हा भावाचा. 'माझी थोरली बहीण काही महिन्यांपासून भ्रमिष्टासारखी वागते. एकटीच खोलीत बसून काहीबाही लिहीत असते.'

भावाचं अक्षर बाईंनीच वळवून दिलं होतं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "हे अक्षर त्याचंच आहे," त्या म्हणाल्या. अधिकारी म्हणाला, "ते मी विचारलं नव्हतं."

तेवीस पानं फेटाळली गेली. बाई बडतर्फ झाल्या. भाच्याला कंपनीनं दुसऱ्या गावचं मोठं काम दिलं. घरी परतल्या तेव्हा ट्रंक व्हरांड्यात ठेवलेली होती आणि कोळशाच्या खोलीला कुलूप. भाऊ घरात होता. आतून त्याचा खोकला ऐकू येत होता.

वस्ती उठली तो दिवस मंगळवार होता. बाई का गेल्या तिथे, कोण जाणे. पत्रे पडत होते, माणसं भांडी डोक्यावर घेऊन धुळीतून चालली होती. इस्त्रीवाली तिचं जाड लाकडी टेबल एकटीनं ओढत होती, थोरली मुलगी इस्त्री कवटाळून मागे. बाईंनी टेबलाची दुसरी बाजू धरली.

"हात लावू नका," इस्त्रीवाली म्हणाली.

"जड आहे ते."

"सोडा म्हटलं ना. तुम्ही सही केली नसती तर वही राहिली असती. आणि खरं चालणारच नव्हतं तर आशा कशाला लावलीत? मी नवं दार करायला टाकलं होतं हो, त्या मिळणाऱ्या खोलीला." ती ओरडत नव्हती. दमलेल्या माणसाचा आवाज होता. बाईंनी हात काढला. टेबलाचा पाय खड्ड्यात अडकला, मुलीनं इस्त्री खाली ठेवून तो सोडवला, आणि तिघी पुढे गेल्या.

बाई आता टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहतात. सकाळी औषधांच्या गोदामात खोकी भरायला जातात, कारण तिथे काही लिहावं लागत नाही. भाऊ कधी समोरून आला तर रस्ता ओलांडतो. भावजय ओलांडत नाही. ती सरळ पाहत, शेजारून निघून जाते.

मागच्या वर्षी एक माणूस त्यांचा पत्ता काढत आला. रंगारी होता, हाताला चुना वाळलेला. तेविसाव्या पानावरचं शेवटचं नाव शेजाऱ्याचं, म्हणजे आपलं घर चोविसाव्या पानावर पहिलं, असा त्यानं हिशेब केला होता. बाई म्हणाल्या, "हो. वरचं अर्धं पान मी वाचलं होतं."

"मग लिहून द्या."

"त्याचा उपयोग नाही. कुठेही चालणार नाही."

"चालवायचं नाहीये. आई गेली माझी, रस्त्यावर. मला घरात ठेवायला हवं."

बाईंनी कागद घेतला. कितीतरी दिवसांनी हातात पेन आलं होतं, तरी अक्षर पूर्वीसारखं सरळ लागलं. घर क्रमांक लिहिला, त्याच्या बापाचं नाव लिहिलं, छप्पर पत्र्याचं, दार उत्तरेला. रंगारी खांद्यावरून पाहत होता. त्याला वाचता येत होतं. बापाच्या नावापाशी त्यानं ओठ हलवले.

"राहणार," बाई पुटपुटल्या आणि थांबल्या. "पाच."

"सहा," रंगारी म्हणाला. "सहा लिहा."

"मला पाच आठवतात."

"सहावी माझी बहीण होती. लहानपणीच गेली ती, पण तेव्हा होती. बापानं सहा लिहिले होते, मला माहीत आहे."

बाईंनी डोळे मिटले. टीपकागदाचा कोपरा, ओली शाई, आकड्याचं पोट. पाच होते की सहा, ते काही केल्या दिसेना. पेन कागदावर टेकून शाईचा ठिपका पसरला.

"बाई, एक आकडा आहे. माझ्या घरात ठेवायचाय. कोण बघतंय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. रंगाऱ्यानं तो अपुरा कागद उचलला, ठिपक्यावर बोट फिरवून पाहिलं, कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेला. खाली टायरमध्ये हवा भरायचा आवाज चालू होता. तो परत आला नाही.